नीलमाळचे मूळ रहिवासी

नीलमाळ निसर्ग उद्यानात येणाऱ्या माणसांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारातली माणसं फाटकातून आत येऊन चहूकडे बघतात आणि विचारतात, "मॅडम, झाडं कुठं आहेत?" दुसऱ्या प्रकारातली काहीही न विचारता सरळ स्वच्छतागृहाकडे जातात. मला ही दुसरी माणसं जास्त आवडतात.

मी महानंदा बिराजदार. सोलापूरच्या उत्तरेला, जुन्या दगडखाणीच्या मागे दोनशे एकरांचा जो माळ आहे, त्याच्या पायवाटांवर एकोणीस वर्षं माणसं फिरवते. हा माळ गवताचा आहे. पवन्या, मारवेल, कुसळी. पावसाळ्यात हिरवा, दिवाळीनंतर सोनेरी आणि उन्हाळ्यात वाळून पांढरट. इथे झाडं नाहीत, कारण इथे ती कधीच नव्हती. इथे चंडोल जमिनीवर अंडी घालतो, धाविक पक्षी ढेकळासारखा दिसतो आणि ढेकळासारखाच गप्प बसतो, आणि गळ्याला निळा पंखा असलेला सरडा दगडावर चढून बायकोला हाका मारतो. हे सगळं लोकांना दाखवलं की लोक म्हणतात, "म्हणजे पडीकच की हो." मग ते मोबाईलकडे बघतात आणि मी आकाशाकडे बघते.

माळाच्या पश्चिमेच्या टेंभावर, म्हणजे लहानशा टेकाडावर, खोकडांचं बीळ आहे. खोकड म्हणजे कोल्ह्याचा छोटा, सडसडीत भाऊबंद. शेपटीचं टोक काळं, चेहरा सदैव कुणीतरी फसवल्यासारखा. तिथल्या मादीचा डावा कान फाटलेला आहे म्हणून मी आणि सिदराम तिला कानतुटकी म्हणतो. सिदराम आमचा राखणदार. उद्यानात गवताची किंमत कळणारी माणसं दोनच, त्यातला तो एक. दरवर्षी चैत्रात कानतुटकीची पिल्लं बिळाबाहेर येऊन एकमेकांच्या शेपट्या चावतात, आणि मी वर्षभर माणसांचा जो राग साठवलेला असतो तो तेवढ्यापुरता उतरतो.

मागल्या वर्षी सरकारने प्रत्येक शहरी उद्यानाला निसर्गांक लावला. वर्षाअखेर शंभरपैकी सत्तरच्या खाली असलात तर तुम्ही निसर्ग उद्यान नाही, मनोरंजन क्षेत्र; मग तिथे काचेचा पूल करा, बोटी सोडा, हवं ते करा. आणि हा अंक मोजायला यंत्र आलं. त्याचं नाव 'प्राणवेध'. सिदराम त्याला डबा म्हणतो. पुरुषभर उंचीचा पांढरा डबा, पुढे जाळी, वर अंक दाखवणारी पाटी. तो फाटकाशी गाडीतळाच्या कडेला उभा केला, कारण पाटी येणाऱ्याजाणाऱ्याला दिसली पाहिजे.

डब्यामागचं विज्ञान मात्र खरोखर देखणं आहे, आणि ते मला माझ्या मुलीने, ईश्वरीने, समजावलं. हवा रिकामी नसते. प्रत्येक जीव सतत झडत असतो. त्वचेचे कण, केस, पिसाची धूळ, थुंकीचे थेंब, परागकण, वाळलेल्या विष्ठेची भुकटी हे सगळं हवेत तरंगतं, आणि प्रत्येक कणात त्या जीवाचा डीएनए असतो. यंत्र तासाला खोलीभर हवा आत ओढतं, ती बारीक गाळणीतून सोडतं, अडकलेल्या कणांमधला डीएनए वाचतं आणि आपल्या यादीशी जुळवतं. प्राणी दिसायला नको, ओरडायला नको. तो श्वास घेत असला तरी पुरे. माणसाचा डीएनए वाचू नये असा कायदा आहे, त्यामुळे तो तिथल्या तिथे पुसला जातो. हे एकच कलम मला मनापासून पटलं.

आता निसर्गांक. यंत्राला आधी सांगावं लागतं की या जागेचे मूळ रहिवासी कोण. त्याला पहिली नोंद म्हणतात. ती वर्षभर, तिन्ही ऋतूंत घ्यायची असते. मग पुढे या यादीतले जितके जीव हवेत सापडत राहतील तितका अंक चांगला. यादीतलं कुणी दिसेनासं झालं तर ते नामशेष. यादीत नसलेलं कुणी वर्षभर सापडत राहिलं तर ते परकं, आणि परक्याला हटवायचं.

सगळं शहाणपणाचं होतं. फक्त त्यात आमच्या उद्यान मंडळाचे अध्यक्ष बसवराज करजगे धरलेले नव्हते.

करजगेसाहेब म्हणजे जिथे फीत दिसेल तिथे कात्री घेऊन उभा राहणारा माणूस. डब्याचं उद्घाटन चैत्रातल्या मुहूर्तावर झालं. हलगी आली, फटाक्यांच्या माळा आल्या. डब्याच्या जाळीपुढे चौरंग मांडला. आंब्याचे डहाळे, झेंडूच्या माळा, विड्याची पानं, सुपाऱ्या, हळद, केळीचे खुंट, पंचामृत, आणि कुणीतरी हौसेने आणलेला मोरपिसांचा पंखा, ज्याने अर्धा तास जाळीवर वारा घातला. मग साहेबांनी डब्याच्या ओठावरच नारळ फोडला आणि पाणी आत गेलं. पाहुण्यांना संध्याकाळच्या भाषणात आकडा सांगायचा होता, म्हणून पहिली नोंद वर्षाऐवजी त्या एका दिवसाची घेतली आणि तिच्यावर शिक्का मारला.

शिक्का मारणारी अभियंता होती ईश्वरी. माझीच मुलगी.

संध्याकाळी पाटीवर शंभर झळकलं. टाळ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी पाटीवर बासष्ट होतं आणि खाली ओळ होती: स्थानिक पातळीवर नामशेष: नारळ, झेंडू, हळद, नागवेल, सुपारी, केळ, आंबा, मोर. एक बाई ती ओळ वाचून नवऱ्याला म्हणाल्या, "अरेरे, मोर गेले बघा इथले." सोलापूरच्या माळावर नारळ आणि सुपारी कधी होती, हा प्रश्न दिवसभरात एकाही माणसाच्या डोक्यात आला नाही. मी मोजत उभी होते.

पुढच्या शुक्रवारी सिदरामने सवयीने फाटकाशी नारळ वाढवला आणि अंक तीनने चढला. झालं. करजगेसाहेबांना साक्षात्कार झाला.

"बघितलाव का बाई," ते मला म्हणाले, "निसर्गाला पूजा पोचती म्हणजे पोचती. यंत्र खोटं बोलतंय का?"

"यंत्र खोटं नाही बोलत साहेब. ते फक्त तुम्ही शिकवलेलं म्हणून दाखवतंय."

"तेच की ओ!" ते खुशीत म्हणाले.

तेव्हापासून दर शुक्रवारी डब्याची साग्रसंगीत पूजा सुरू झाली. अंक नव्वदच्या वर राहिला. मी तोंड बंद ठेवलं. उद्यान वाचत होतं ना, मग नारळाने वाचो नाहीतर भोपळ्याने. मी टेंभावर जाऊन बसायची आणि खाली चाललेल्या आरतीला मनातल्या मनात शिव्या घालायची. मला वाटलं होतं, या मूर्खपणाची झळ मूर्खांनाच लागेल.

वर्ष पुरं व्हायला आठ दिवस राहिले आणि डब्याने वार्षिक अहवाल दिला. परक्या प्रजाती: सदतीस. पहिलंच नाव खोकड. मग चंडोल, धाविक, निळ्या गळ्याचा सरडा, पवन्या, मारवेल, कुसळी. मुहूर्ताच्या दिवशी हलगी आणि फटाक्यांनी यातला एकही जीव फाटकाच्या आसपास फिरकला नव्हता, गवत बिचारं झेंडूच्या ढिगाखाली हरवलं होतं, आणि कानतुटकी तर पिल्लांना तोंडात धरून दोन दिवस खाणीत जाऊन बसली होती. म्हणून ती परकी. नारळ इथला आणि ती बाहेरची. शिफारस स्पष्ट होती: प्राणी पिंजऱ्यात पकडून हलवावेत, गवत नांगरून काढावं. पथक वर्धापनदिनानंतरच्या सोमवारी येणार होतं.

पिल्लं त्या वेळी पाच आठवड्यांची होती. या वयात आईपासून तुटलेलं खोकडाचं पिल्लू जगत नाही. मला पुढे वाचवेना.

घरी आले तेव्हा ईश्वरी ताटावर बसली होती. मी अहवाल तिच्या भाकरीशेजारी ठेवला.

"मला आलाय," ती म्हणाली. तिने हात धुतले नव्हते, तरी जेवण थांबवलं होतं.

"मग दुरुस्त कर."

"आई, पहिली नोंद बदलायची तर मंडळाने लिहून द्यायला लागतं की ती चुकली होती. मग चौकशी. मग ज्याने शिक्का मारला त्याचा परवाना रद्द. म्हणजे माझा. पुन्हा कुठल्याही यंत्राला हात नाही लावू देणार मला."

"एका दिवसाच्या नोंदीवर शिक्का मारताना हे नाही सुचलं? समोर करजगे हसला आणि तू वितळलीस. पाठीचा कणा काय त्या डब्यातच ठेवलास?"

तिने अर्धी भाकरी झाकून ठेवली आणि उठली. दारात थांबून म्हणाली, "तू अर्ज लिही. खरं तेच लिही. मी नाही म्हणणार नाही."

मी अर्ज लिहायला बसले. मला शब्द सापडायला कधी त्रास होत नाही, विशेषतः दुसऱ्याच्या चुकांबद्दल. पण त्या दिवशी 'संबंधित अभियंता' एवढ्यावर येऊन पेन थांबलं ते थांबलंच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी आतापर्यंत सोयीस्करपणे गाळली. मुहूर्ताच्या दिवशी दुपारी ईश्वरीचा मला फोन आला होता. मी टेंभाशी होते, कानतुटकी नुकतीच पळाली होती आणि खाली फटाके चालू होते. ईश्वरी म्हणाली होती, "आई, हे लोक आजच्याच नोंदीवर शिक्का मागतायत. मी एकटी पडलेय इथे. तू येऊन सांग ना, इथली जाणकार तू आहेस, तुझं ऐकावं लागेल त्यांना." आणि मी म्हणाले होते, "तुमच्या डब्याचं तुम्ही बघा. मला या लोकांचं तोंडही बघायचं नाही." आणि फोन ठेवला होता. फाटक तिथून पंधरा मिनिटांवर होतं.

तिने वर्षभरात हे एकदाही काढलं नाही. आज ताटावरही नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की अर्ज फाडून मी चुलीत घातला असता, चूल असती तर. गॅसवर कागद जाळण्याचा प्रयत्न करून पाहिला, पण धुराची घंटा वाजली आणि ईश्वरी धावत आली. मग दोघी खिडक्या उघडत बसलो.

दुसऱ्या दिवशी करजगेसाहेबांकडे गेले. म्हटलं, निदान या वर्धापनदिनाला हलगी आणि फटाके नकोत. कारण नियमात एक फट होती. वर्धापनदिनी यंत्र चोवीस तास नव्याने नोंद घेतं, आणि त्या दिवशी हवेत जे ठळकपणे सापडेल ते मूळ यादीत जोडता येतं. उद्यानाने मुद्दाम आणून वाढवलेल्या रोपांसाठी ही सोय होती. शांतता राहिली तर कदाचित खोकडाचा, गवताचा कण जाळीपर्यंत येईल.

"हलगी नाही मग वर्धापनदिन कसला ओ बाई?" साहेब म्हणाले. "दहावं घालायलाव का आपण? आणि ते खोकडाचं काय घेऊन बसलाव? सरकारी यंत्र परकं म्हणतंय. कुठून आलं काय माहीत."

"तुमचे आजोबा अक्कलकोटहून इथे आले, त्याच्या आधीपासून ते इथे आहे."

"आमच्या घराण्याचं नाव यादीत आहे," ते म्हणाले. ते उद्घाटनाच्या कोनशिलेबद्दल बोलत होते.

मी आणखी वाद घालणार होते, तेवढ्यात त्यांनी कार्यक्रमपत्रिका पुढे केली. "यंदा नवीन काय करावं सांगा की. फोटोत उठून दिसंल असं. तुम्ही जाणकार माणूस."

एकोणीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच जाणकार म्हटलं होतं. आणि त्याच क्षणी मला सुचलं.

"माती," मी म्हणाले. "माळाच्या मातीचं पूजन करा. ताटात माती, मंत्र, मग चिमूट चिमूट यंत्राला वाहायची. तुम्ही स्वतः कपाळाला टिळा लावा. आपल्या मातीचा टिळा."

साहेबांचे डोळे पाणावले. खरंच पाणावले. असल्या माणसांचा हाच त्रास असतो, ते ढोंगही मनापासून करतात.

पुढचे पाच दिवस मी आणि सिदराम सकाळच्या उन्हात माळ वेचत होतो. खोकडाची वाळलेली विष्ठा बिळाजवळच्या दगडांवर हमखास मिळते. खोकडं आपल्या हद्दीच्या खुणा तिथेच ठेवतात. काट्यांना अडकलेले केस. चंडोलाची गळलेली पिसं, धाविकाच्या अंड्यांची कवचं, सरड्याची कात, तिन्ही गवतांची कणसं, असं सदतिसांपैकी प्रत्येकाचं काही ना काही. सिदरामने सगळं पाट्यावर वाटलं. वाटताना तो एकदाच म्हणाला, "बाई, साहेब हे कपाळाला लावणार?"

"हो."

"मग आणखी बारीक करतो," तो म्हणाला, आणि जोर लावू लागला.

मी आयुष्यभर खोटेपणाला नावं ठेवली, आणि आता पाट्याशी बसून खोटी नोंद वाटून घेत होते. नोंद खोटी आणि तिच्यातला शब्दन् शब्द खरा. वरून माती मिसळली, तूप शिंपडलं, वर झेंडूची पाकळी ठेवली. ईश्वरीला काही सांगितलं नाही. तिला न सांगता तिच्यासाठी काहीतरी करावं, एवढीच बुद्धी मला उशिरा आली होती.

शुक्रवारी हलगी वाजली. माळावरचं पाखरू न् पाखरू पळालं. करजगेसाहेबांनी चांदीची वाटी उचलली, तीन बोटं मातीत बुडवली आणि कपाळावर इकडून तिकडे असा पट्टा ओढला की छायाचित्रकारही दचकला. "ही माझ्या पूर्वजांची माती!" ते गरजले. मग मूठभर माती त्यांनी थेट जाळीवर उधळली. मी सांगितलेल्या चिमटीपेक्षा कितीतरी जास्त. डब्याने ती घुसमटत आत ओढली. सिदराम दोन वेळा खोकला आणि पाठ करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नोंद पुरी झाली. ईश्वरी डब्याच्या मागच्या दारात स्क्रीन उघडून बसली होती. मी शेजारी उभी होते. तिने आकडे वाचले, पुन्हा वाचले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, या हिशोबाने या डब्यात काल चाळीस खोकडं दाटीवाटीने बसली होती."

मी नखांतली माती टोकरू लागले.

"आणि त्यांच्यासोबत तूप होतं."

"ईश्वरी..."

"थांब." तिच्यासमोर दोन बटणं होती. एक 'नमुना दूषित', दुसरं 'मूळ यादीत जोडा'. नियमाप्रमाणे बरोबर बटण कुठलं होतं ते आम्हा दोघींना माहीत होतं. मागल्या वेळी नियम मोडून ती गाळात गेली होती, आणि आता मी तिला दुसऱ्यांदा तिथेच आणून उभं केलं होतं. खरं सांगते, मला करजगेचा कधी वाटला नाही इतका तिरस्कार त्या क्षणी स्वतःचा वाटला.

"दूषित म्हण," मी म्हणाले. "खरंच म्हण. अर्ज मी करते. माती मी आणली ते लिहिते, आणि मागल्या वर्षीचा तुझा फोनही त्यात लिहिते. तू बोलावलं होतंस आणि मी आले नाही. चूक तुझी नव्हती, माझी होती."

ती पहिल्यांदा वळून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती ते पुसायलाही विसरली.

"हे तू मला वर्षापूर्वी सांगायला हवं होतंस," ती म्हणाली. "मी वाट बघत होते."

मग तिने स्क्रीनकडे तोंड केलं. "दूषित नमुना म्हणजे काय माहितीये? बाहेरून आणलेली वस्तू. यात बाहेरून आणलेलं काय आहे? तूप तेवढं. तूप मी वगळते." आणि तिने सदतीस नावं एकेक करून वाचली आणि जोडली. खोकड सगळ्यात शेवटी.

सोमवारी पिंजऱ्यांची गाडी आली. पथकाच्या माणसाने पाटी बघितली. खोकड: मूळ रहिवासी. त्याने कागद उलटसुलट केला, शिवी हासडली आणि गाडी वळवली. टेंभावर कानतुटकीची चार पिल्लं आईच्या अंगावरून घसरगुंडी खेळत होती. तिने गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

नारळ अजूनही आमचा मूळ रहिवासी आहे. त्याची शुक्रवारची हजेरी चुकवता येत नाही. आणि करजगेसाहेबांनी सगळीकडे सांगितलं की आपल्या पूजेमुळे माळावर खोकडं आली. लोकांना ते लगेच पटलं. आता येणारा प्रत्येक जण फाटकाशी मातीचा टिळा लावून आत येतो, फोटो काढतो आणि विचारतो, "मॅडम, झाडं कुठं आहेत?"

लोकांसाठी मी साधी माती ठेवते, चाळून, उन्हात तापवून. रविवारी सकाळी ईश्वरी माझ्यासोबत टेंभावर येते. आम्ही बिळाजवळच्या दगडांवरून बघत बघत फिरतो, ती डबीत काय काय गोळा करते, आणि तिला अजून वास सहन होत नाही म्हणून मी हसते. ते फार थोडं मिळतं. बाहेरच्यांवर उधळण्याइतकं नाहीच.

करजगेसाहेबांची वाटी मात्र आम्ही वेगळी भरतो.